पाठीवरचा स्टिकर

चार दिवस झाले, जिन्यात भेटेल तो माणूस माझं सांत्वन करतोय. कारण एवढंच, की मी नवा एलईडी मॉनिटर घेतला आणि समोरच्या दारातल्या काकांनी त्याची पाठ वाचली.

बाकीचे लोक मॉनिटरचा पडदा बघतात. काका थेट मागे गेले. मी वायर जोडायला टेबलाखाली वाकलो होतो, तेवढ्यात वरून आवाज आला, "अहो, यावर तर एलसीडी मॉनिटर लिहिलंय!"

"हो काका, तसंच असतं."

"तसंच असतं म्हणजे? तुम्ही एलईडी मागितला होतात ना?"

"एलईडीच आहे. पॅनेल एलसीडीचं, मागचा उजेड एलईडीचा."

"म्हणजे अर्धाच दिला!"

टेबलाखालून वाद जिंकता येत नाही. बाहेर आलो, कपाळ टेबलाला आपटून घेतलं आणि समजावलं. एलसीडीला स्वतःचा उजेड नसतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांवर ठिपके, प्रत्येकात लाल-हिरवा-निळा अशा तीन झडपा. त्या मागून आलेला उजेड अडवतात किंवा सोडतात. पूर्वी मागे बारीक फ्लुरोसंट नळ्या असत. आता बहुतेक मॉनिटरांत कडेला एलईडीची पट्टी असते आणि तिचा उजेड एक पारदर्शक प्लास्टिकची पाटी पडद्याभर पसरवते.

काका विचारात पडले. "म्हणजे ट्यूबलाइट काढून बल्ब लावला. एवढंच?"

दुर्दैव असं की वर्णन अचूक होतं. राग आला तो त्या 'एवढंच'चा. त्या नळ्यांत थोडा का होईना, पारा असे. त्या पेटवायला शेकड्यांनी व्होल्ट लागत, म्हणून आत व्होल्टेज वाढवणाऱ्या इन्व्हर्टर सर्किटची वेगळी पाटी. तिच्यावरचा कपॅसिटर फुगला किंवा ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग गेली, की चित्र दोन सेकंद दिसून गुडुप. अशा वेळी पडद्यावर तिरका टॉर्च मारा. चित्र पुसटसं दिसलं तर पॅनेल ठणठणीत आहे, मेलाय तो उजेड. नळी म्हातारी झाली की सुरुवातीला पडदा गुलाबी दिसतो आणि बऱ्याच वेळाने पांढऱ्यावर येतो. एलईडीत पारा नाही, तो इन्व्हर्टर नाही, बटण दाबताच पूर्ण उजेड. २४ इंची मॉनिटर पूर्वी चाळीस-पन्नास वॉट खायचा, आता साधारण वीस-पंचवीसवर भागतं. जाडीचं तर बोलायलाच नको.

"आणि हा पांढरा उजेड," मी उत्साहात म्हणालो, "मुळात निळ्या एलईडीचा असतो. वर पिवळ्या फॉस्फरचा थर, तो काही निळा उजेड पिवळा करतो आणि दोन्ही मिळून पांढरा दिसतो. तो निळा एलईडी जमवणाऱ्या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं."

इथे मी चूक केली.

"निळा?" काकांचा आवाज उतरला. "पांढरासुद्धा नाही दिला?"

संध्याकाळपर्यंत बातमी तळमजल्यावर पोचली होती: एलईडी सांगून एलसीडी दिला, तोही निळा.

आता खरं सांगतो, काकांवर रागवायचा मला हक्क नाही. याला नुसतं 'एलईडी' म्हणायचं कोणी ठरवलं? प्रत्येक ठिपका एलईडीचा असलेले पडदे मैदानांत आणि चौकांत टांगलेले असतात. खोक्यावर आणखी एक बढाई छापतात, कॉन्ट्रास्ट (म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ) एक कोटीस एक. पडदा काळा झाला की मागचा दिवाच मंद करायचा किंवा विझवायचा आणि म्हणायचं, बघा किती काळा! एलसीडी पॅनेलच्या दोन जाती, आयपीएस आणि व्हीए. आयपीएसचा खरा आकडा हजारास एकच्या आसपास, व्हीएचा तीन हजारांच्या. जुना सीआरटी, म्हणजे काचेच्या मोठ्या नळीचा मॉनिटर, काळ्याच्या बाबतीत यांना लाजवायचा. पण सतरा इंचांच्या नावाखाली सोळाच दिसायचे, आत पंचवीस हजार व्होल्ट खेळायचे, आणि जिन्यातून न्यायचा तर मधल्या मजल्यावर टेकवायला लागायचा. काळ्यासाठी कंबर कोण मोडून घेणार?

मला खरी चीड आहे ती लुकलुकण्याची. उजेड कमी करायला काही मॉनिटर एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला कळत नाही, पण काहींचं डोकं संध्याकाळी ठणकतं. घेण्याआधी ब्राइटनेस वीसवर आणा, पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल झरझर हलवा. सलग धूसर पंखा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर परत ठेवा. आणि घरी आणल्यावर ब्राइटनेस शंभरवर ठेवू नका. शेजारी पांढरा कागद धरा, पडदा त्याच्याइतकाच उजळ दिसेपर्यंत कमी करा. पट्टीही जास्त टिकते.

ही पेन्सिलीची परीक्षा मी काकांनाही करून दाखवली. माझा पास झाला. काका म्हणाले, "पेन्सिल चांगली आहे."

काल त्यांनी घरी बोलावलं. त्यांचा मॉनिटर सकाळी बराच वेळ गुलाबी राहतो. नळी संपत आलीय हे न उघडताच कळलं. तरी मुद्दाम तो फिरवला आणि पाठीवर बोट ठेवलं. "बघा काका, तुमच्यावरही एलसीडी मॉनिटरच लिहिलंय."

काकांनी चष्मा लावून शांतपणे वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आम्ही एलसीडीच मागितला होता."