गार लाव्हा

"घरातल्याच साहित्यातून सोप्पा प्रयोग" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याच्या घरी एक तर मूल नसणार नाहीतर पुसायला दुसरं कोणीतरी असणार. दिवाळीच्या सुट्टीत शाळेने अ‍ॅक्टिव्हिटी दिली, ज्वालामुखी करा, एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, ग्रुपवर टाका, आणि हो, मुलाने इंग्लिशमधेच बोलायचं.

साहित्य म्हणजे खायचा सोडा, व्हिनेगर, भांड्याचं लिक्विड. सोडा होता. व्हिनेगरची बाटली पण होती, कधीतरी घरी फ्राइड राइस करायचा उत्साह आला होता तेव्हाची, आत तळाला जेमतेम दोन थेंब. मग किराणावाला. तो म्हणे व्हिनेगर संपलंय, सोया सॉस चालेल का? पुढच्या दुकानात मिळालं एकदाचं.

आता डोंगर. चिरंजीव म्हणाले डोंगर कशाला, बाल्कनीत किल्ला आहे ना! होता खरा, दिवाळीचा, माती वाळून भेगा पडलेल्या आणि हळीव उगवून माना टाकून बसलेले. महाराजांची मूर्ती आधी सन्मानाने घरात नेली, मावळे मात्र हा आपापल्या चौकीवरच राहू दे म्हणाला. मग किल्ल्याच्या पोटात खणून छोटी बाटली पुरली (खणायला उलथनं घेतलं होतं, ही माहिती हिच्यापर्यंत जाऊ नये) आणि लाव्हा लाल हवा म्हणून साहेबांनी आईच्या डबीतलं कुंकू त्यात ओतलं. साधंसुधं नाही, गावाकडून आलेलं, हळदीचं.

इथे थोडं सायन्स. सोड्यावर व्हिनेगर पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि किती, तर एका चमचाभर सोड्यातून लिटरभराच्या वरच. लिक्विड असेल तर तो गॅस बुडबुड्यांत अडकतो आणि त्याचा फेस होतो. पण व्हिनेगरमधे अ‍ॅसिड असतं चार-पाच टक्केच, म्हणून एका चमच्याला अर्धी वाटी तरी लागतं. झाकण मात्र चुकूनही लावायचं नाही, गॅसला वाट मिळाली नाही तर बाटलीच उडेल. आमचा अख्खा खेळ काही सेकंदांत उरकतो, आणि फेस काही कॅमेऱ्यासाठी थांबत नाही. पहिल्या टेकला "हॅलो फ्रेंड्स, टुडे आय विल" इथपर्यंत आलो आणि कुकरची शिट्टी. पुढच्या टेकला हा सोडियम बायकार्बोनेटमधल्या 'बाय'ला हात हलवून निघूनच गेला. प्रत्येक वेळी नवा सोडा, नवं व्हिनेगर, आणि किल्ल्यावरचा चिखल वाढत चाललेला.

शेवटी जमलं. म्हणजे मागून व्हिनेगर ओतलं मी, आणि फेस आला तो पिवळा! हळदीचं कुंकू चुन्यामुळे लाल असतं, त्यात अ‍ॅसिड गेलं की त्याची परत हळद होते. आमच्या ज्वालामुखीतून पिठल्यासारखं काहीतरी बाहेर येत होतं. आई दारात उभी राहून रिकाम्या डबीकडे बघत होती, बोलली काहीच नाही, जे जास्त वाईट. माझ्या बाबांनी लाव्ह्यात बोट घातलं आणि ओरडले, अरे हा तर गार आहे! असतोच गार, ही रिअ‍ॅक्शन आजूबाजूची उष्णता शोषून घेते. वर फेस किल्ल्याच्या माथ्यातून यायचाच नाही, बाटलीचं तोंड मातीखाली गेलं होतं ना, तर सगळा बाजूच्या भेगांमधून गळायला लागला आणि दोन मावळे नि प्लास्टिकचा वाघ घेऊन सरळ खालच्या काकूंच्या वाळवणाकडे निघाला.

मी कपाळाला हात लावला, पण बाबा खूष! बाबा भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बरोबर मॉडेल केलंय. आपला सह्याद्री असाच झाला रे, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा आला तो मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांमधून, चित्रातल्यासारखा टोकदार डोंगर फोडून नाही, थरावर थर बसत गेले, आज ५ लाख चौरस किलोमीटर जमिनीवर तो दगड आहे आणि रायगड, राजगड सगळे त्याच बेसाल्टवर उभे आहेत. घाटात जाताना डोंगराच्या पायऱ्या दिसतात ना, ते हेच थर. हे सगळं रेकॉर्डिंग चालू असताना, मराठीत, कॅमेऱ्याच्या पुढे उभं राहून. मागे चिरंजीव वाघ शोधतायत. व्हिनेगर संपलेलं, त्यामुळे तोच व्हिडिओ गेला ग्रुपवर.

काकूंकडे मी पुसायला जाऊन आलो. मॅडमचा रिप्लाय रात्री आला, "नाइस एफर्ट, बट व्हेअर इज द क्रेटर?" म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं तोंड कुठंय. बाबा सकाळपासून त्यांना उत्तर टाइप करतायत, एका बोटाने, चहासुद्धा तिथेच मागवलाय, आणि मघाशी मला विचारून गेले की नकाशा अटॅच कसा करायचा.