रॅमसे म्हणजे फक्त डंकर्क नव्हे

अ‍ॅडमिरल बर्ट्रम रॅमसे यांचं नाव निघालं की गाडी डंकर्कवर येऊन थांबते. १९४० मध्ये या फ्रेंच बंदराजवळ जर्मनांनी कोंडलेलं दोस्त सैन्य समुद्रमार्गे सोडवण्याची मोहीम त्यांनी चालवली होती. मला मात्र या ब्रिटिश अधिकाऱ्याचं मोठेपण दुसरीकडे दिसतं. वरिष्ठांना नको असलेली गोष्ट ते स्पष्ट सांगायचे, आणि त्यापायी त्यांनी नोकरीही पणाला लावली.

१९३५ मध्ये ते होम फ्लीटचे, म्हणजे मायदेशाजवळच्या ब्रिटिश आरमाराचे, प्रमुख रॉजर बॅकहाउस यांचे चीफ ऑफ स्टाफ झाले. बॅकहाउस बारीकसारीक कामंही स्वतःकडेच ठेवत. मग चीफ ऑफ स्टाफने नुसतं शोभेला उभं राहायचं का? रॅमसेंनी पद सोडलं. १९३८ मध्ये त्यांचं नाव निवृत्तांच्या यादीत गेलं. युद्ध तोंडावर आलं तेव्हा नौदलाला त्यांची आठवण झाली आणि फ्रान्ससमोरचं इंग्लंडचं डोव्हर बंदर त्यांच्या हाती दिलं.

डंकर्कची गोष्ट छोट्या होड्यांची म्हणून सांगतात. होड्यांचं मोल आहेच. पण सुटलेल्या ३,३८,२२६ सैनिकांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त बंदरातूनच मोठ्या जहाजांवर चढले. तिथला पूर्वेकडचा बांध लाटा अडवायला घातलेला, वर चार माणसं शेजारीशेजारी चालतील एवढी लाकडी वाट. तिथे काम बघणारे नौदलाचे कॅप्टन टेनंट यांनी त्यालाच जहाजं लावली. इकडे डोव्हरच्या किल्ल्याखालच्या भुयारातून रॅमसे मार्ग बदलत होते. ३९ सागरी मैलांचा जवळचा रस्ता कॅलेकडच्या जर्मन तोफांच्या टप्प्यात आला म्हणून ८७ मैलांचा वळसा, आणि मग सुरुंग काढून ५५ मैलांचा तिसरा.

१९४४ मध्ये दोस्त सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरलं, तेव्हा जवळपास ७,००० लहानमोठी जहाजं त्यांच्याच हुकमतीखाली होती. त्यावर पुन्हा कधीतरी.

बेल्जियममधल्या, समुद्रापासून आत नदीवर वसलेल्या अँटवर्प बंदरावर मात्र बोललंच पाहिजे. ३ सप्टेंबर १९४४ ला त्यांनी दोस्त फौजांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांच्या मुख्यालयाला आणि तिथल्या आघाडीचे ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांना कळवलं, की शत्रू सुरुंग पेरून हे बंदर सहज बंद पाडू शकतो आणि किनाऱ्यावरच्या तोफा ताब्यात आल्याशिवाय नदीची वाट खुली होणार नाही. दुसऱ्याच दिवशी गोद्या धडधाकट हाती आल्या. पण समुद्राकडे जाणाऱ्या स्खेल्ड नदीच्या मुखाचे दोन्ही काठ जर्मनांकडेच राहिले, कारण माँटगोमेरींचं सगळं लक्ष हॉलंडमधल्या आर्नहेमवरच्या चढाईकडे. रसद लांबून ट्रकने येत राहिली. ते काठ पुढे मुख्यतः कॅनडाच्या सैनिकांनी पाण्या-चिखलात लढून घेतले, हजारो मृत-जखमींची किंमत मोजून. पहिला मालवाहू ताफा अँटवर्पला लागला २८ नोव्हेंबरला. ८५ दिवस वाया! याचा मला आजही संताप येतो.

२ जानेवारी १९४५ ला माँटगोमेरींनाच भेटायला ब्रुसेल्सला निघालेलं रॅमसेंचं विमान पॅरिसजवळ कोसळलं आणि ते गेले. अँटवर्पबाबत आपली मोठी चूक झाली, हे माँटगोमेरींनी आपल्या आठवणींत मान्य केलं ते १९५८ साली.