गोठ्याचा विमा आणि 'एजंट' ही शिवी : एका प्रतिक्रियेला उत्तर

कोकणातल्या घराच्या विम्यात गोठा, न्हाणीघर, गडगा (कुंपणाची भिंत), पंपघर यांचं काय होतं, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर 'एक चाकरमानी' या नावाने आलेली प्रतिक्रिया तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ते लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. भारत गृह रक्षा या घराच्या विम्याच्या पॉलिसीत 'राहण्यासाठी वापरात असलेलं आउटहाउस' असे शब्द आहेत, त्यामुळे गोठा त्यात बसतच नाही आणि माझा लेख दिशाभूल करणारा आहे. मी चौरस फुटाने हिशेब केला. हप्ता किती ते सांगितलं नाही. पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांचा विषय टाळला. फॉर्म इंग्रजीत असतो, तो गावच्या माणसाला कळणार नाही. आणि शेवटी, "असे लेख एजंट लोकच लिहितात, वाचकांनी सावध राहावं."

त्या शेवटच्या वाक्याचं आधी बोलू.

मी एजंट नाही. माझ्या घरात कोणी एजंट नाही. लेखात एकाही कंपनीचं नाव नव्हतं, आणि ते मुद्दाम नव्हतं. भारत गृह रक्षाचा मसुदा विमा नियामकाने ठरवून दिला आहे. 1 एप्रिल 2021 पासून तो लागू झाला आणि कुठल्याही कंपनीकडे गेलात तरी मूळ शब्द तेच असतात. मग मी नेमका कोणाचा माल खपवत होतो? आपण हे विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. आपण विचारलं नाहीत, थेट शिक्का मारलात. टोपणनावाच्या आड बसून दुसऱ्याच्या हेतूवर बोट ठेवायला काही लागत नाही. मी माझ्या नावाने लिहितो, आणि माझ्या गावची माणसं ते वाचतात.

आता मी हे का लिहितो तेही ऐका. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमचं श्रीवर्धनकडचं घर विम्यात होतं. वडिलांनी काढलेला जुन्या पद्धतीचा आगीचा विमा, वादळ-पूर धरून. घराची कौलं उडाली, त्याचे पैसे मिळाले, थोडे कमी पण मिळाले. मागच्या अंगाला गोठा, त्यावर माड आडवा झालेला. आढं मधोमध तुटलेलं, वासे एका बाजूला झुकलेले, कौलांचा चुरा गव्हाणीत पडलेला. शेजारी न्हाणीघराची भिंत बसली होती आणि रस्त्याकडचा चिऱ्याचा गडगा पोफळींखाली दबला होता. नुकसान मोजायला सर्व्हेअर आला, टेप लावून माजघर-पडवी मोजली, फोटो काढले. गोठ्याकडे बोट दाखवल्यावर त्याने कागद चाळले आणि म्हणाला, "हे यात लिहिलेलंच नाही." खरंच नव्हतं. प्रस्तावात, म्हणजे विमा काढताना भरायच्या फॉर्मात, एकच ओळ होती, 'राहतं घर, कौलारू', आणि एकच रक्कम. फॉर्म ज्याने भरला त्याने आवारात पाऊलही टाकलं नव्हतं. कंपनीचं नाव घेत नाही, मुद्दा तो नाही. वडील त्या दिवशी गोठ्याच्या जोत्यावर किती वेळ बसून होते ते मी पाहिलं आहे, आणि त्यानंतर मला कोणी 'एजंट' म्हटलं की राग येतो. तो लपवायची मला गरज वाटत नाही.

आता गोठा. भारत गृह रक्षा पॉलिसीत घराच्या इमारतीबरोबर 'जादा बांधकामं' धरली आहेत. अट अशी की ती त्याच जागेवर असावीत आणि घराचा भाग म्हणून वापरात असावीत. त्यात गॅरेज, राहण्यासाठीची आउटहाउसं, गाडी लावायची जागा, कुंपणाच्या भिंती, फाटक, दरड धरणाऱ्या भिंती, आतले रस्ते, पडवी-पोर्च, सेप्टिक टँक, बायोगॅस, पाण्याच्या पक्क्या टाक्या, सौर पॅनेल अशी नावं आहेत. म्हणजे गडगा आहे, फाटक आहे, टाकी आहे. गोठा हा शब्द त्यात नाही, हे आपलं बरोबर. पण मी 'गोठा आपोआप येतो' असं कुठे लिहिलं? मी लिहिलं होतं की प्रत्येक बांधकामाचं नाव, माप आणि रक्कम प्रस्तावात वेगळी लिहा आणि कंपनीने ती स्वीकारल्याचं पॉलिसीच्या कागदावर उतरवून घ्या. मूळ घराची विमा रक्कम कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर अशी निघते. जादा बांधकामांची तशी निघत नाही. ती आपण जाहीर करायची आणि कंपनीने मान्य करायची असते. इथेच सगळं अडतं, कारण जाहीर करायचं असतं हेच कोणी सांगत नाही. दारच्या दोन गाईंचा गोठा कंपनीने नाकारला तर तो नकार आधीच हातात पडतो, माड पडल्यावर नाही. मग शेतकऱ्यांसाठीची वेगळी पॉलिसी बघता येते. झापांचं किंवा गवताचं छप्पर असेल तर तेही लपवू नका. गवत, बांबू, ताडपत्रीच्या बांधकामाला पॉलिसीत 'कच्चं' म्हटलं आहे, आणि ते नंतर उघडं पडलं की भांडण ठरलेलं.

आणि विमा नसेल तर सरकार देतंच की, असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. आपत्ती निधीच्या निकषांत, घराला लागून असलेल्या गोठ्यासाठी, निसर्गच्या वेळी 2,100 रुपये होते. 2022 पासून 3,000 झाले. तेवढ्यात आढ्याचं लाकूडही येत नाही.

चौरस फुटाचं म्हणाल तर ते मान्य. पॉलिसीत चौरस मीटर आहे, आपल्याकडे गवंडी फुटात बोलतो म्हणून मी फुटात लिहिलं. लेखात तशी टीप आता टाकली आहे. एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट. आकडेमोड तीच राहते, पण टीप आधीच हवी होती.

हप्ता मी देणार नाही, तो ठिकाणावर आणि बांधकामावर ठरतो. उद्या कोणी माझा आकडा घेऊन कंपनीशी वाद घालायला नको. पर्यटकांच्या खोल्या हा धंदा आहे, त्याला घराची पॉलिसी लावूच नका. 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही धंद्यांसाठीची पॉलिसी आहे, तिच्यावर कधीतरी लिहीन. फॉर्म इंग्रजीत असतो हे खरं, पण त्याचा राग माझ्यावर काढून काय उपयोग? म्हणून तर मराठीत लिहितोय.

एक गोष्ट मात्र आपल्या प्रतिक्रियेत नव्हती आणि लेखातही राहिली होती. दावा नाकारला तर सर्व्हे रिपोर्टची प्रत मागून घ्या, कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जा. 50 लाखांपर्यंतची तक्रार तिथे चालते, फी नाही, वकील लागत नाही. आमच्या वडिलांना हे कोणी सांगितलं नव्हतं.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. गोठ्याबद्दल आपल्याकडे एखाद्या कंपनीचं स्वीकारल्याचं किंवा नाकारल्याचं पत्र असेल तर नाव-गाव झाकून जरूर पाठवा, मी ते लेखाखाली लावतो. एजंट असल्याच्या आरोपाला यापुढे उत्तर मिळणार नाही.