बुबुळातला अमीबा आणि मेडिकलमधला ड्रॉप

अकांथअमीबा हे नाव उच्चारायला अवघड, पण हा एकपेशीय जीव घरचाच. नळ, टाकी, विहीर, शेतातला चिखल, इतकंच काय, धुळीतही असतो. एरवी आपल्या वाटेला जात नाही. बुबुळावर ओरखडा उठला की आत शिरतो.

इंग्लंड-अमेरिकेत हा आजार बहुतांशी कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांचा. आपण तीच पुस्तकं वाचतो, म्हणून इथेही ‘लेन्स नाही ना, मग अमीबा नाही’ असं धरून चालतात. भारतात बहुसंख्य रुग्ण लेन्स न वापरणारे. चिखलणीत उडालेलं पाणी, मळणीतलं कुसळ, आणि वर तोच डोळा ओढ्याच्या पाण्याने धुतलेला.

खरा घोटाळा पुढे होतो. डोळा लाल, उजेड सोसवत नाही, ठणका असा की दिसणाऱ्या जखमेशी त्याचा मेळच बसत नाही. (कधीकधी मात्र फारसं दुखतही नाही, तेव्हा ठणक्यावरच विसंबू नये.) सुरुवातीला हे हुबेहूब नागिणीच्या जातीच्या, म्हणजे हर्पिसच्या जखमेसारखं दिसतं. मेडिकलवाला ‘डोळे आलेत’ म्हणून अँटिबायोटिक-स्टेरॉइडचा एकत्र ड्रॉप देतो. लाली उतरते, माणूस खूश. आत अमीबाला रान मोकळं. चिठ्ठीशिवाय हा ड्रॉप विकणं बंद झालं, तर कित्येक बुबुळं वाचतील, असं माझं स्पष्ट मत आहे. बुबुळावर पांढरं कडं दिसू लागतं तोवर बराच उशीर झालेला असतो.

साध्या ड्रॉपने आठवडाभरात उतार नसेल, तर बुबुळाची खरवड तपासा असं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. काचपट्टीवर दुहेरी भिंतीचे कोष, म्हणजे कवचात सुप्त पडलेले अमीबा, दिसतात. कल्चरसाठी, म्हणजे तो वाढवून पाहण्यासाठी, पोषणद्रव्य नसलेल्या अगारवर (जेलीसारख्या थरावर) ई. कोलाय जिवाणू पसरतात. अमीबा ते खात पुढे सरकतो आणि मागे त्याच्या वाटा उमटतात.

हे कोषच चिवट. क्लोरीन, कोरडेपणा, नेहमीची अँटिबायोटिक्स, कशालाच दाद देत नाहीत. म्हणून ०.०२ टक्के पीएचएमबी किंवा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे थेंब, पहिले दोन दिवस रात्रंदिवस दर तासाला, मग हळूहळू कमी करत कित्येक महिने. (पीएचएमबी तरणतलावाचं पाणी शुद्ध करायलाही वापरतात!) ठणका थांबला म्हणून मध्येच सोडलं, की उरलेले कोष पुन्हा फुटतात. बुबुळावर फूल राहिलं तर रोपण होतं, पण शक्यतो संसर्ग पुरता विझल्यावरच.

लेन्सवाल्यांनी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. लेन्स तळहातावर ताज्या सोल्युशनने वीसेक सेकंद चोळावी. डबीत कालच्या सोल्युशनवर नवं ओतू नये. डबीलाही पाणी लावायचं नाही. सोल्युशननेच विसळून उपडी वाळवावी, दर तीन महिन्यांनी बदलावी. आरओचं, उकळलेलं, बाटलीतलं, कुठलंच पाणी चालत नाही. अंघोळीपूर्वी लेन्स काढा.

चुना, अ‍ॅसिड किंवा फवारणीचं औषध डोळ्यात गेलं, तर मात्र यातलं काहीही आठवू नका. मिळेल त्या पाण्याने, तात्काळ, किमान वीस मिनिटं धुवा आणि तसेच दवाखाना गाठा.