जनरेटर का ठेवायचा, आणि तुमच्या ओढ्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही चिडून लिहिलंत, पण मुद्दे धरून लिहिलंत. म्हणून उत्तरही मुद्दे धरूनच देते, आणि ते लांबणार आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: विजेची लाइन पोचत नाही अशा शेतावरच्या घरासाठी मी सौर पॅनेल, दीड दिवस पुरेल इतकी बॅटरी आणि जोडीला छोटा डिझेल जनरेटर अशी रचना सुचवली होती. तुमचं म्हणणं असं की डिझेलचं यंत्र आलं की स्वच्छ ऊर्जेचा हेतूच संपतो. त्यापेक्षा आठवडाभराची बॅटरी घ्यावी आणि 1 किलोवॅटची पवनचक्की उभारावी. शिवाय मी सांगितलेला वापराचा बारीक हिशोब माणसाला नुसता घाबरवतो, मोठा इन्व्हर्टर घेतला की झालं. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंत की कुंपणापलीकडून बारमाही ओढा वाहतो. या ओढ्याकडे मी सगळ्यात शेवटी येते, कारण तुमच्या प्रतिक्रियेतलं सर्वांत मोलाचं वाक्य माझ्या मते तेच आहे.

आधी बॅटरी. समजा घराला रोज 4 युनिट लागतात आणि पॅनेल 2 किलोवॅटचे आहेत. चांगल्या दिवशी पूर्ण तीव्रतेच्या 5 तासांइतकं ऊन मिळालं, आणि पॅनेलचं तापणं, धूळ, वायर, इन्व्हर्टर यांत पाव हिस्सा गेला, तरी साडेसात युनिट हाती पडतात. घर निवांत चालतं. दाट ढग आले की तेच पॅनेल दिवसाला दीड युनिटावर येतात. म्हणजे रोज अडीच युनिटांची तूट, आणि असे सात दिवस सलग गेले तर साडेसतरा युनिटांची.

एवढी तूट बॅटरीतून भरून काढता येते, यात वाद नाही. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणून 35 युनिटांची बँक, म्हणजे एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच, लागेल. 48 व्होल्टवर साधारण 730 अँपिअर-तास. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 80 टक्के वापरली तरी 22 युनिटांची घ्यावी लागेल. पण खरी अडचण ढग हटल्यावर सुरू होते. रोज साडेसात युनिट येतात, त्यातले चार घर खातं, उरतात साडेतीन. रिकामी झालेली बँक भरायला पाच लख्ख दिवस हवेत, आणि लेड-ॲसिडमध्ये भरताना होणारा तोटा धरला तर सहा. तेवढ्यात पुन्हा आभाळ भरलं तर? लेड-ॲसिड अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि क्षमता कायमची घटते. ज्या आठवड्यासाठी एवढी मोठी बँक घेतली, तोच आठवडा तिला मारतो. लिथियमचं असं होत नाही. मात्र ती वापरली नाही तरी वयानं झिजतेच, आणि वर्षातले बहुतेक दिवस तिचा दोन तृतीयांश भाग नुसता बसून असतो.

हीच तूट जनरेटर कशी भरतो ते पाहा. नीट भार दिलेल्या छोट्या डिझेल जनरेटरकडून लिटरमागे अडीच युनिट धरायला हरकत नाही. साडेसतरा युनिटांना सात लिटर, चार्जिंगमधला तोटा धरून आठ-नऊ. अख्ख्या वाईट आठवड्याचं इंधन एका लहान कॅनमध्ये मावतं.

इथे ‘नीट भार’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. चार दिवे आणि एका पंख्यासाठी रात्रभर धडधडणाऱ्या जनरेटरला माझाही तुमच्याइतकाच विरोध आहे. क्षमतेच्या 30 टक्क्यांखाली चालणारं डिझेल इंजिन नीट तापत नाही, न जळलेलं इंधन आणि काजळी आत साचत जाते, आणि लिटरमागची वीज फारच कमी मिळते. म्हणून जनरेटरवर थेट घर चालवायचं नाही. एका आड एक दिवस दोन-तीन तास, 60 ते 80 टक्के भारावर, फक्त बॅटरी भरायला चालवायचा आणि बंद करायचा. रात्र बॅटरीवर काढायची. यंत्र घराबाहेर आणि खिडक्यांपासून लांब ठेवायचं. बंद जागेत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच दगावतात.

धूर होतोच, आणि त्याबद्दलची तुमची कळकळ मला मनापासून पटते. नऊ लिटर डिझेल जळलं की साधारण 24 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पण जास्तीची बॅटरीही खाणीतून आणि कारखान्यातूनच येते, आणि तिचं आयुष्य संपल्यावर तिची विल्हेवाट लावावी लागते. वर्षातून मोजके तास चालणारं इंजिन नको म्हणून तिप्पट बॅटरी घ्यायची, हे मला पर्यावरणाच्या बाजूचं वाटत नाही.

तुमच्या बाजूनं मला वाद घालायचा असता तर मी बॅटरीचं नावच काढलं नसतं. पॅनेल वाढवा म्हटलं असतं. गेल्या दशकभरात पॅनेल खूप स्वस्त झाले आहेत. 2 ऐवजी 4 किलोवॅट लावले तर त्याच ढगाळ दिवशी तीन युनिट मिळतात आणि आठवड्याची तूट सातवर येते. दीड दिवसाची, म्हणजे सहा युनिटांची बॅटरी ती जवळजवळ झेलते. चांगल्या दिवसांत निम्म्याहून जास्त वीज वाया जाईल, जाऊ द्या. ग्रिडला, म्हणजे विजेच्या लाइनला, जोडलेल्या घरात वर्षाची बेरीज बघायची असते. लाइन नसलेल्या घरात वर्षातला सर्वांत वाईट पंधरवडा बघायचा असतो. पॅनेलचा कोनसुद्धा त्याच हिशोबानं ठरतो. सूर्य खाली असतो ते महिने तुमच्याकडे अडचणीचे असतील तर पॅनेल अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त उभे ठेवा. उन्हाळ्यातलं थोडं उत्पादन जाईल, पण तेव्हा ते तसंही उतूच जात असतं. त्यामुळे जास्तीचे पैसे हाताशी असतील तर माझा क्रम असा: आधी पॅनेल, मग जनरेटर, सगळ्यात शेवटी बॅटरी.

पवनचक्कीबद्दल मात्र मला ठामपणे सांगायचंय की मोजल्याशिवाय घेऊ नका. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश होते. 1 किलोवॅटच्या छोट्या चक्कीवरचा आकडा बहुधा सेकंदाला 11-12 मीटर वेगाच्या वाऱ्याचा असतो, आणि तो झाडं वाकवणारा वारा आहे. 12 मीटरला 1000 वॅट देणारी चक्की 4 मीटरच्या वाऱ्यात 40 वॅटसुद्धा देत नाही. वारा कमी-जास्त होत राहतो आणि जोराच्या झोतांत बरंच मिळून जातं, त्यामुळे 4 मीटर सरासरी असलेल्या जागी प्रत्यक्षात याच्या दुपटीपर्यंत धरा. तरीही दिवसाला पावणेदोन युनिटांच्या आसपासच, तेही खांब उंच असेल तर. आजूबाजूच्या दीडशे मीटरमधल्या सर्वांत उंच झाडाच्या किंवा छपराच्या निदान नऊ-दहा मीटर वर पातं फिरलं पाहिजे. त्याखाली वारा घुसळलेला असतो. आणि पातं कितीही चांगलं असलं तरी त्यातून जाणाऱ्या वाऱ्यातली 59.3 टक्क्यांहून जास्त शक्ती काढता येत नाही; आल्बर्ट बेट्झ यांनी ही मर्यादा 1919 मध्येच गणितानं दाखवून दिली. उघड्या टेकडीवर किंवा किनाऱ्यावर, वर्षभर वायुवेगमापक लावून सरासरी 5 मीटरच्या वर दिसली, तर जरूर विचार करा. घराच्या छपरावर मात्र कधीच नको.

आता हिशोबाची भीती. मोठ्या इन्व्हर्टरनं प्रश्न मिटतो म्हणता, पण मोठा इन्व्हर्टर काहीच न चालवतासुद्धा 60 वॅट खाऊ शकतो. चोवीस तासांत ते जवळजवळ दीड युनिट झाले. ज्या घराला चार युनिट लागतात, त्यात आणखी दीड! तुम्हाला मोठा इन्व्हर्टर हवासा वाटतो तो पंपामुळे, असा माझा अंदाज. एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना क्षणभर पाच ते सात पट करंट ओढते, म्हणून पंप सगळ्यांना राक्षस वाटतो. पण हजार लिटर पाणी 30 मीटर वर चढवायला शुद्ध गणितानं 0.08 युनिट लागते. पंपाचे आणि पाइपचे तोटे धरले तरी पाव युनिट. पंपाला क्षणाची ताकद लागते, दिवसाची ऊर्जा फार लागत नाही. मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण, म्हणजे सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी, लावा, टाकी मोठी घ्या आणि भर दुपारी पंप चालवा. साठलेलं पाणी हीच रात्रीची साठवण. त्यासाठी बॅटरी खर्च करायची गरज नाही. असा हिशोब करायला कागदाचं एक पान पुरतं: वस्तू, वॅट, तास. गीझर आणि विजेची शेगडी त्या पानावर येऊच देऊ नका, उष्णतेसाठी दुसरे मार्ग बघा.

आणि आता ओढा. ओढ्याचं पाणी पाइपानं खाली आणून त्यावर छोटं टर्बाइन, म्हणजे वीज बनवणारं चक्र, फिरवता येतं. त्यातून मिळणारी शक्ती काढायला एक सोपं सूत्र आहे: सेकंदाला किती लिटर, गुणिले किती मीटरचा उतार (म्हणजे पाणी सरळ उभ्या मापात किती खाली येतं), गुणिले 9.81. जे येईल त्याच्या निम्मे वॅट हाती लागतात असं धरा. ओढ्यातून सेकंदाला 5 लिटर घेता आले आणि 12 मीटरचा उतार मिळाला, तर सुमारे 290 वॅट. आकडा लहान दिसतो, पण तो दिवसरात्र चालतो. चोवीस तासांत सात युनिट! 2 किलोवॅटचे पॅनेल लख्ख दिवशी जितकं देतात जवळजवळ तितकं, आणि रात्रीही. शिवाय ढगाळ, ओल्या दिवसांत, जेव्हा पॅनेल मान टाकतात, तेव्हा ओढ्याला पाणी जास्त असतं. ही जोडी जमली तर तुम्हाला नको असलेला जनरेटर खरोखरच कोपऱ्यात पडून राहील, आणि बॅटरीही मी सांगितल्यापेक्षा लहान पुरेल.

घाई मात्र नको. उतार मोजायला गवंडी वापरतात ती पाण्यानं भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या आणि टप्प्याटप्प्यानं खाली या. प्रवाह मोजायला छोटा बांध घालून सगळं पाणी एका पन्हळीतून सोडा आणि 20 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. चार सेकंद लागले तर 5 लिटर. हे माप सर्वांत कोरड्या महिन्यात घ्यायचं, आणि त्यातलं निम्मंच आपलं मानायचं. उरलेलं ओढ्यातल्या जिवांचं आणि खालच्या अंगाला राहणाऱ्यांचं. ओढा कुंपणापलीकडे आहे, तेव्हा जमिनीच्या मालकाची संमती आणि पाणी वळवण्याची परवानगी दोन्ही लागतील. ते काम सर्वांत आधी.

पाइपात काटकसर करू नका. सेकंदाला 5 लिटर पाणी आतून 80 मिलिमीटरच्या पाइपातून शंभर मीटर नेलं तर घर्षणात सव्वा मीटर उतार जातो. आतून 57 मिलिमीटरचा घेतलात तर सहा मीटरहून जास्त, म्हणजे तुमचा निम्मा उतार पाइपच गिळतो. पाणी घ्यायच्या तोंडाशी जाळी लागेल आणि ती पालापाचोळ्यानं वारंवार भरेल. हे काम घरातल्या कुणीतरी अंगावर घ्यायला हवं.

मला तीन मापं कळवा: कोरड्या महिन्यातला प्रवाह, मिळणारा उतार, आणि टर्बाइनच्या जागेपासून घरापर्यंतचं अंतर. अंतरावरून केबलची जाडी आणि व्होल्टेज ठरेल. पॅनेल किती आणि बॅटरी केवढी हे आपण त्यानंतर नव्यानं मांडू. तोवर त्या मोठ्या बॅटरीची ऑर्डर कृपया थांबवा.