आपल्या अभिप्रायास उत्तर : ‘फक्त नावे बदलायला’ लागलेला वेळ

आदरणीय महोदय,

आपल्या शास्त्रीय संगीताच्या संग्रहातील फाइली ओळखून, नावे देऊन लावण्याचे काम ठरलेल्या मुदतीत आपल्या हाती पडले नाही आणि त्यासाठी आपल्याला वारंवार चौकशी करावी लागली, याबद्दल मनःपूर्वक दिलगिरी व्यक्त करते. आपण एकच तारा दिलात, तो आपला अधिकार आहे. परंतु ‘फाइलींची नावे बदलण्यापलीकडे काही केलेले नाही, सॉफ्टवेअरने हे एका रात्रीत झाले असते’ हे आपले वाक्य मनाला फार लागले. आमच्याकडे येऊ पाहणारा प्रत्येक नवा ग्राहक आता ते आधी वाचणार आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यावेच लागेल.

ध्वनीचा ठसा जुळवून गाणे ओळखणारी सॉफ्टवेअर आम्हीही वापरतो. ती केवळ त्यांच्या सूचीत आधीपासून असलेलेच ध्वनिमुद्रण ओळखतात. बाजारात आलेल्या तबकड्या आणि सीडी यांच्यासाठी त्यांचा चांगला उपयोग होतो व आपल्या संग्रहातील तेवढा भाग खरोखरच लवकर झाला होता. मात्र आपला बहुतांश संग्रह खासगी मैफलींचा आणि रेडिओवरून घरी कॅसेटवर उतरवून घेतलेल्या कार्यक्रमांचा आहे. हे मुद्रण कोणत्याही सूचीत नाही, आणि जे असेल तेही मूळ टेप किंचित जलद फिरली असल्यास अनेकदा जुळत नाही. अशा वेळी माणसाने बसून ऐकण्याला पर्याय राहत नाही.

ऐकणे म्हणजे काय, हे एका फाइलीवरून सांगते. आपल्या हार्ड डिस्कमध्ये ‘ट्रॅक ०७ मारवा’ अशी एक फाइल होती. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत कोमल रिषभ (रे) व तीव्र मध्यम (म) आहे आणि पंचम (प) तिन्हींत वर्ज्य आहे, म्हणजे घेतला जात नाही, त्यामुळे सुरांची यादी करून राग ठरवता येत नाही. मारव्यात भर रिषभ-धैवतावर (रे-ध) असतो, पूरियात गंधार-निषादावर (ग-नी) आणि सोहनी तार षड्जाकडे (वरच्या सा कडे) ओढ घेते. आपल्या फाइलीतील गायक आलापात, म्हणजे सुरुवातीच्या संथ स्वरविस्तारात, मंद्र (खालच्या सप्तकातील) निषादावर पुन्हा पुन्हा येऊन थांबतात आणि गंधारावर विसावतात. तो पूरिया आहे. हे ठरवण्यासाठी आलाप पूर्ण ऐकावा लागला आणि खात्रीसाठी बंदिशीचे (रागात बांधलेल्या गीताचे) शब्दही ताडून पाहावे लागले. नाव एका शब्दाने बदलले हे खरे, पण तो शब्द ऐकल्यावाचून लिहिता आला नसता.

आपण असेही लिहिले आहे की विलायत खाँ यांचे आम्ही विनाकारण दोन फोल्डर केले. महोदय, त्यांपैकी एक फोल्डर सतारवादक विलायत खाँ यांचा आहे आणि दुसरा आग्रा घराण्याचे गायक विलायत हुसेन खाँ (१८९५–१९६२) यांचा. सॉफ्टवेअरने त्यांना एकत्र केले होते, आम्ही वेगळे केले. बडे गुलाम अली खाँ (१९०२–१९६८) यांच्या ठुमऱ्यांत गझलगायक गुलाम अली यांच्या गझला मिसळल्या होत्या, त्याही वेगळ्या काढल्या. याउलट भूप आणि भूपाली हा एकच राग दोन ठिकाणी विखुरला होता, तर भूपाल तोडी हा निराळा राग नावाच्या साधर्म्यामुळे त्यातच जाऊन बसला होता. आपल्या जुन्या एमपीथ्री फाइलींत माहिती नोंदवण्याची जी पहिली पद्धत वापरली होती, तीत शीर्षकाला तीसच अक्षरांची जागा असते. त्यामुळे कलाकार, राग आणि ताल एकाच ओळीत कोंबलेल्या शीर्षकांचा शेवट बहुधा तुटलेलाच होता. तो शेवटही ऐकूनच भरावा लागला. आता राग, ताल, बंदिश आणि साथीदार यांच्या नोंदी स्वतंत्र आहेत, त्यामुळे एखाद्या तबलावादकाची साथ असलेल्या सर्व मैफली आपल्याला एकत्र पाहता येतील. आपल्या अभिप्रायात याचा उल्लेख आला असता तर बरे वाटले असते.

क्रमाचेही तेच. संगणक नावे अक्षरानुक्रमे लावतो आणि त्या हिशेबाने जलद लयीतला द्रुत नेहमीच, मैफलीत आधी येणाऱ्या संथ विलंबिताच्या आधी वाजतो, म्हणून प्रत्येक मैफलीला हाताने क्रमांक दिले. कॅसेटची पहिली बाजू संपताना जेथे बडा ख्याल (संथ लयीतील मुख्य गायन) तुटला होता, तेथे दोन तुकडे बेमालूम जोडले नाहीत, कारण मधले गाणे मुद्रित झालेलेच नाही आणि ऐकणाऱ्याला ते कळले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

उशिराविषयी आणखी एक गोष्ट, तक्रार म्हणून नव्हे, केवळ नोंद म्हणून. काम अर्ध्यावर आले असताना आपण दुसरी हार्ड डिस्क पाठवलीत. तीत पहिलीतल्याच अनेक फाइली वेगळ्या नावांनी होत्या व कोणती प्रत मूळ आणि कोणती दाबून लहान केलेल्या फाइलीवरून पुन्हा मोठी केलेली, हे प्रत्येक जोडीसाठी तपासावे लागले. अशी मोठी केलेली फाइल जागा जास्त घेते, पण गेलेला आवाज तीत परत येत नाही. शंकांची जी यादी आम्ही पाठवली होती, तिचे उत्तर येईपर्यंत तो भाग थांबूनच होता. आपल्या व्यग्रतेची मला कल्पना आहे, पण तो सगळा काळ आमच्या खात्यावर मांडणे मला न्याय्य वाटत नाही.

यापुढे काम घेतानाच काही फाइली ऐकून वेळेचा अंदाज देण्याची आणि मधूनमधून प्रगती कळवण्याची व्यवस्था आम्ही करीत आहोत. ज्या मुद्रणांतील कलाकार ओळखता आले नाहीत, तेथे अंदाजाने नाव न घालता ती ‘अनिश्चित’ या फोल्डरमध्ये ठेवली आहेत. आपल्या घरातील कोणाला ती मैफल आठवत असेल तर कृपया कळवावे, त्या नोंदी वेगळे शुल्क न घेता पूर्ण करून देईन. तारे बदला असे मी म्हणणार नाही, फक्त दोन फोल्डरांविषयीचे ते वाक्य एकदा दोन्ही फोल्डरांतील फाइली ऐकून पुन्हा पाहावे, एवढी नम्र विनंती.

आपली विश्वासू,
संचालिका