कॅलिफोर्नियात जातीवरून घर नाकारायला परवानगी मिळाली म्हणे! नाही मिळालेली, नीट वाचा

काही महिन्यांपूर्वी नागपूरहून दादाने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, "पोराला सांग, कशात पडू नको." पोरगा म्हणजे आमचा भाचा, बहिणीचा मुलगा, इथे कॅलिफोर्नियात सनीवेलला नोकरी करतो. दादाला काळजी आहे हे कळतं मला, पण तो फॉरवर्ड वाचून त्या पोराने खरंच हातातलं काम सोडून दिलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. आतापर्यंत तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला तोच मेसेज आलाय, एक तर इथल्याच महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या ताईंकडून.

फॉरवर्डमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियाचा जातभेदाला बंदी घालणारा कायदा गव्हर्नरने फेटाळला, त्यामुळे आता तिथे जातीवरून तक्रारच करता येत नाही. घर मालकाचं आहे, द्यायचं कोणाला ते तो ठरवणार. सिस्को या टेक कंपनीवरची जातभेदाची केस खोटी निघाली. तो कायदा फक्त हिंदूंना बदनाम करायला आणला होता आणि झाला असता तर कंपन्यांनी भारतीयांना घेणंच बंद केलं असतं. आणि सगळ्यात शेवटी, तक्रार करणाऱ्याचा व्हिसा जातो, वकिलाला हजारो डॉलर लागतात, तेव्हा गप्प राहा.

आता भाच्याचं काय झालं ते ऐका. मार्च महिन्यात तो आणि त्याचा नांदेडचा मित्र, दोघं मिळून दोन बेडरूमचं अपार्टमेंट बघायला गेले. मालक मराठी, स्वतः दुसरीकडे राहतात. त्यांनी अगदी आपुलकीने घर दाखवलं, ओट्यावरचा फॅन चालू करून दाखवला, फोडणी देताना हा लावत जा नाहीतर स्मोक अलार्म वाजतो म्हणाले, डिपॉझिट किती, चावी कधी, सगळं बोलून झालं. मग निघताना दारात विचारलं, मूळचे कुठले? नागपूर. नागपुरात कुठे? याने सांगितलं, इंदोरा, म्हणजे नागपुरातली बौद्ध वस्ती. मग पुढचा प्रश्न, म्हणजे तुम्ही बौद्ध का? हा म्हणाला हो. पोरगा सांगतो, मावशी, त्यानंतर ते माझ्याकडे न बघता कुलूप लावत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज, सॉरी, घर दुसऱ्यांना दिलं. आणि त्याच आठवड्यात याच्या ऑफिसातल्या एकाने त्याच जाहिरातीवर फोन केला तर त्याला उत्तर मिळालं, शनिवारी बघायला या!

पोरगा चिडला होता, तक्रार करायची म्हणून स्क्रीनशॉट वगैरे काढून ठेवले होते. तेवढ्यात हा फॉरवर्ड. "मावशी, इथे कायदाच नाहीये ना, मामाने पाठवलंय बघ." झालं, विषय बंद.

तर आधी तो व्हेटो. एसबी ४०३ नावाचं बिल सिनेटर आयेशा वहाब यांनी २०२३ मध्ये आणलं, दोन्ही सभागृहांत पास झालं आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी परत पाठवलं. इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर आहे. पण परत का पाठवलं ते त्यांनी स्वतःच्या सहीच्या पत्रात लिहिलंय, एका पानाचं पत्र आहे, वाचायला दोन मिनिटं लागतात आणि फॉरवर्ड करणाऱ्या एकानेही ती दोन मिनिटं काढलेली दिसत नाहीत. त्यात ते म्हणतात की वंश, रंग, धर्म, पूर्वज, मूळ देश वगैरे कारणांवरून भेदभाव करायला कॅलिफोर्नियात आधीच बंदी आहे, या तरतुदींचा अर्थ व्यापक लावायचा असं कायदाच सांगतो, आणि जातीवरून होणारा भेदभाव या आधीच्या कारणांखालीच बेकायदेशीर आहे, म्हणून नवीन बिलाची गरज नाही. म्हणजे ज्या कागदाचा आधार घेऊन हे लोक सांगतात की जातभेद चालतो, त्याच कागदावर लिहिलंय की तो चालत नाही. फॉरवर्डचा पहिला मुद्दा इथेच संपतो.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, मनात नसलं तरी. कायद्यात जात हा शब्द आजही लिहिलेला नाही. गव्हर्नरचं पत्र म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे, तेव्हा समोरचा वकील त्यावर वाद घालू शकतो. शब्द असता तर काम सोपं झालं असतं, आणि बिलाच्या शेवटच्या मसुद्यात तेवढंच होतं, पूर्वज या शब्दाच्या व्याख्येत जात घालायची. २०१९ मध्ये केसांच्या ठेवणीबद्दल याच राज्याने असंच केलं होतं, वंश या शब्दाच्या व्याख्येतच केसांचा पोत आणि ठेवण लिहून टाकली. जातीबाबत ते राहून गेलं याचं मला वाईट वाटतं. पण शब्द नाही म्हणजे मोकळीक मिळाली असं होत नाही.

आता सगळ्यात संताप आणणारा मुद्दा, घर मालकाचं, मर्जी मालकाची. दादा, हे वाक्य तू इथे पहिल्यांदा वाचलं असशील, कॅलिफोर्नियाने ते ६० वर्षांपूर्वी ऐकलंय आणि त्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणही झालंय. १९६३ मध्ये बायरन रम्फर्ड नावाच्या आमदारांनी, बर्कलीत औषधाचं दुकान चालवणारे कृष्णवर्णीय गृहस्थ होते ते, घर भाड्याने देताना-विकताना वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा करून घेतला. लगेच रिअल इस्टेटवाल्यांनी मोहीम काढली, प्रचार हाच, की आपली प्रॉपर्टी कोणाला द्यायची हा मालकाचा हक्क. १९६४ ला मतदान झालं, प्रपोझिशन १४, आणि जवळजवळ ६५ टक्के लोकांनी मालकांच्या बाजूने मत दिलं! म्हणजे लोकांनी बहुमताने भेदभावाचा हक्क कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत घातला. सांता अॅनामधलं मल्की नावाचं जोडपं, त्यांना काळे म्हणून अपार्टमेंट नाकारलं होतं, ते कोर्टात गेले. १९६६ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने आणि १९६७ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रपोझिशन १४ घटनाबाह्य ठरवलं. तेव्हा मालकाच्या मर्जीचा हा प्रश्न मतदानाने आणि कोर्टाने दोन्हीकडून तपासून झालेला आहे. आज तोच कायदा फेअर एम्प्लॉयमेंट अँड हाउसिंग अॅक्ट या नावाने चालतो, लोक त्याला फीहा म्हणतात, आणि तो राबवायला राज्याचा सिव्हिल राइट्स डिपार्टमेंट आहे.

एवढं खरं आहे की मालक स्वतः ज्या घरात राहतो त्याच घरातली खोली एकाच भाडेकरूला देत असेल तर त्याला फीहात सूट आहे. आणि शाकाहारी लोकच हवेत असं कोणी म्हणालं तर नुसत्या जेवणावरून केस उभी राहणं कठीण. पण भाच्याचं घर म्हणजे मालक दुसरीकडे राहतात असं अख्खं अपार्टमेंट होतं आणि जेवणाचा विषय निघालाच नव्हता, प्रश्न विचारला तो इंदोऱ्याचा आणि बौद्ध असण्याचा. बौद्ध हा तर धर्म झाला ना? धर्म हा शब्द कायद्यात अगदी ठळक लिहिलेला आहे, तिथे गव्हर्नरच्या पत्राचीही गरज लागत नाही.

सिस्कोचं पटकन सांगते. राज्याने २०२० मध्ये कंपनीवर आणि दोन सुपरव्हायझरवर जातभेदाचा दावा लावला. एप्रिल २०२३ मध्ये त्या दोघांवरचा दावा विभागाने स्वतः मागे घेतला, हे खरं आहे, आणि त्या दोघांवर काही सिद्ध झालं नाही हेही खरं. पण तेव्हा कंपनीवरचा दावा मागे घेतला नव्हता. तेव्हा "केस खोटी निघाली" असं कोणत्याही कोर्टाने म्हटलेलं नाही.

हिंदूंना टार्गेट वगैरे, बिलाच्या तरतुदीत कोणत्याही धर्माचं नाव नव्हतं. सिएटल शहराने तर फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली, आणणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत, जन्म पुण्याचा. त्यानंतर तिथल्या कंपन्यांनी भारतीयांना घेणं बंद केलंय का? मग?

आता व्हिसा. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही, मी स्वतः आठ वर्षं एच-वन-बीवर काढली आहेत, नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर सामान बांधा, हे डोक्यावर असताना साहेबाविरुद्ध तोंड उघडणं काय असतं ते मला माहीत आहे. पण तक्रार केली म्हणून व्हिसा जातो हे साफ खोटं आहे. व्हिसा देणं-काढणं केंद्राचं काम, ही तक्रार राज्याच्या विभागाकडे. तक्रार केली म्हणून कामावरून काढणं हेच फीहाखाली वेगळं बेकायदेशीर धरलं जातं, त्याचीही तक्रार करता येते. इमिग्रेशन स्टेटस काहीही असो, राज्याच्या कायद्याचं संरक्षण मिळतं. आणि घराच्या बाबतीत तर २०१७ ला वेगळा कायदा केलाय, भाडेकरूला तुझ्या इमिग्रेशनबद्दल कळवतो अशी धमकी देणंसुद्धा बेकायदेशीर. शिवाय भाच्याच्या घरमालकाचा त्याच्या नोकरीशी संबंध काय?

वकीलही लागत नाही. विभागाकडे तक्रार करायला फी शून्य. ऑनलाइन फॉर्म भरायचा, मग त्यांचा माणूस मुलाखत घेतो, तक्रारीत दम वाटला तर तपास तेच करतात, समेट घडवायचा प्रयत्न करतात आणि गरज पडली तर दावाही राज्यच लावतं.

पण मुदत असते, आणि गप्प राहा या सल्ल्याने नेमकं तेच नुकसान होतं. घराच्या प्रकरणात विभागाकडे जायला घटनेपासून एक वर्ष. नोकरीच्या प्रकरणात तीन वर्षं, आणि कंपनीत किमान पाच माणसं हवीत. भाच्याची घटना मार्चमधली, हा फॉरवर्ड पाठवणाऱ्यांच्या नादाने त्यातले सात महिने असेच गेले.

काल रविवारी संध्याकाळी तो माझ्याकडे जेवायला आला होता. जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसलो, त्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट, सॉरीचा मेसेज, ऑफिसातल्या मित्राला आलेलं शनिवारचं उत्तर, सगळं तारखेनिशी लावलं आणि फॉर्म भरून टाकला. काय झालं ते तुमच्या शब्दांत लिहा असं म्हटल्यावर तो बराच वेळ नुसता बसून होता, मग इंदोऱ्यापासून लिहायला सुरुवात केली.

दादा, तो फॉरवर्ड तुला जिथून आला तिथे हे पाठव.